मराठेशाहीतील जोडा हाताने कसा शिवावा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिवजयंती आणि गणेशोत्सव जवळ आले की ऐतिहासिक पोशाखांची मागणी वाढते, आणि दरवर्षी तेच दृश्य दिसते: पगडी नेमकी बांधलेली असते, अंगरख्याचे बंद ज्या बाजूला हवेत त्याच बाजूला असतात, कमरेचा शेलाही नीट खोवलेला असतो, आणि पायांत मात्र लग्नसराईत मिळणारी, रबरी तळाची, यंत्रावर शिवलेली मोजडी असते. ज्या वस्तीचे नावच दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास येथे स्थिर केलेल्या फौजेच्या तळावरून पडले, त्या वस्तीत त्या फौजेच्या पायांतले पायताण मात्र विस्मृतीत जावे, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठा सरदाराच्या किंवा सुखवस्तू गृहस्थाच्या पायांत शोभेल असा लाल चामड्याचा, पुढे निमुळता होत गेलेला आणि टोक वर वळलेला जोडा हाताने कसा शिवायचा, ते मी माझ्या अनुभवातून येथे सविस्तर लिहिते आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवते. नवशिका माणूस या जोड्याकडे पाहतो तेव्हा त्याला आधी ते वळलेले टोक दिसते, आणि तो तेथूनच कामाला लागतो. माझे पहिले दोन जोड त्याच चुकीने वाया गेले. हा जोडा तळापासून वर आणि आतून बाहेर घडत जातो; टोक हे शेवटचे काम आहे, आणि खालचे सारे नीट झाले असेल तरच ते उभे राहते.

आधी पाहावे काय

जुन्या चित्रांत पादत्राणे शोधताना बहुतेकांची निराशा होते, आणि त्याचे कारण साधे आहे. दरबारात जोडे बाहेर काढून जाण्याची रीत होती, त्यामुळे दरबाराच्या चित्रांत बसलेल्या मंडळींचे पाय अनवाणी असतात किंवा वस्त्राखाली झाकलेले असतात. 1790 सालच्या पुण्यातील दरबाराचे थॉमस डॅनियलने 1805 मध्ये पूर्ण केलेले भव्य चित्र पगड्या, अंगरखे आणि दागिने यांच्यासाठी मोलाचे आहे, पण जोडे शिवणाऱ्याला त्याचा उपयोग थोडाच. त्यापेक्षा घोडेस्वारांची, शिकारीची, मिरवणुकीची आणि उभ्या व्यक्तींची चित्रे पाहावीत. रिकिबीतला पाय तर सर्वांत उपयोगी, कारण तेथे तळाची जाडी, टाचेची उंची आणि टोकाचा कोन या तिन्ही गोष्टी एकदम दिसतात.

छायाचित्रांचा आधार अर्थातच पुढच्या काळाचा मिळतो. लाला दीनदयाळ यांनी 1870 च्या दशकात इंदूरमध्ये छायाचित्रणाला आरंभ केला आणि मध्य भारतातील संस्थानिकांची व त्यांच्या परिवाराची छायाचित्रे घेतली. चित्रकार पायांकडे येईपर्यंत पुष्कळदा कंटाळलेला असतो. कॅमेऱ्याला तसा कंटाळा नसतो. ही छायाचित्रे पेशवाईनंतरची आहेत हे लक्षात ठेवून त्यांतून आकार जरूर घ्यावा, पण बूट, मोजे आणि लोखंडी नाळा अशा नव्या गोष्टी गाळाव्यात.

चित्रांतून न कळणारी, पण हातात जुना जोडा घेतल्यावर लगेच कळणारी एक गोष्ट अशी की, जुन्या धाटणीच्या जोड्यांत डावा आणि उजवा असा भेद नसे. दोन्ही पायांचे तळ सारखेच, सरळ कापलेले असत आणि वापरता वापरता ज्याचा त्याचा जोडा आपापल्या पायाचा आकार घेई. युरोपातही साधारण सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असेच सरळ जोडे वापरले जात. आपण आज डावा-उजवा वेगळा कापला तर जोडा दिसेल कदाचित सुंदर, पण तो त्या काळाचा राहणार नाही.

चामडे

येथे घाई आणि कंजुषी दोन्ही टाळावीत. आज दुकानात मिळणारे बहुसंख्य चामडे क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले असते, आणि ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतली. त्याआधी आपल्याकडे कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढीत आणि मग बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांत ती कमावीत. हा फरक केवळ इतिहासाचा नाही, तो कामाचाही आहे. सालीत कमावलेले चामडे ओले केले की मातीसारखे वळते आणि वाळल्यावर दिलेला आकार धरून ठेवते. क्रोमचे चामडे मऊ असते, पण आकार धरत नाही. माझ्या पहिल्या जोडाचे चामडे दुकानदाराने सालीचे म्हणून दिले होते, आणि नाटकाच्या दुसऱ्या अंकात सरदाराच्या जोड्याचे टोक सुकलेल्या पानासारखे खाली लोंबत होते. तेव्हापासून मी प्रत्येक तुकडा स्वतः पारखून घेते.

पारख अशी करावी. कापलेली कड पाहावी: सालीत कमावलेल्या चामड्याची कड आतपर्यंत तपकिरी असते, क्रोमची मधोमध निळसर-करडी दिसते. पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकावा: सालीचे चामडे तो पिते आणि तेथे गडद होते. तरीही शंका राहिली तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात टाकावी. सालीची पट्टी क्षणात आखडून वेडीवाकडी होते, क्रोमची जवळजवळ तशीच राहते. याच कारणाने पुढे चामडे भिजवताना पाणी कोमटच ठेवावे, कढत कधीही वापरू नये.

तळासाठी म्हशीचे 4 ते 5 मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे, आतल्या तळासाठी म्हशीचेच 2 मिलिमीटरचे, आणि वरच्या भागासाठी शेळीचे 1 ते 1.2 मिलिमीटरचे, अस्तराला शेळीचेच आणखी पातळ. ग्वाल्हेरकरांना हे सारे आग्र्याच्या हिंग की मंडीत मिळते, रेल्वेने दोन तासांचा प्रवास आहे. खोगिरांसाठी वापरले जाणारे जाड चामडे कानपूरहूनही येते. खरेदीची पावती मात्र नेहमी घ्यावी आणि जपून ठेवावी. मंडीत जाताना शब्दही तिथले घेऊन जावेत. ज्यावर जोडा चढवून घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याला आपण साचा म्हणतो, त्याला तेथे फर्मा म्हणतात आणि आपली खळ तेथे लेई होते. ज्या वृद्ध कारागिरांकडे मी हे काम शिकले, त्यांना मी चाचा म्हणते. त्यांच्याकडे बसल्यावर पहिले पंधरा दिवस त्यांनी मला केवळ रापीला, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराला, धार लावायला आणि दोऱ्याला मेण लावायला बसवले होते. त्या पंधरा दिवसांचे मोल मला पहिला तळ कापताना कळले.

हत्यारांची यादी लांब नाही: रापी, भोके पाडायची सरळ आरी, दोन दाभणे, लाकडी मोगरी, पसरट तोंडाची हातोडी, गुळगुळीत दगड, आणि दोन-तीन तुकड्यांचा लाकडी साचा, ज्याचा पुढचा भाग, मागचा भाग आणि मधली पाचर वेगवेगळी निघते. अखंड साचा या जोड्याला चालत नाही, कारण अरुंद तोंडातून तो बाहेर काढता येत नाही.

माप आणि कापणी

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो, आणि माणूस उभा असताना घ्यावे. कागदावर दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून टाचेच्या मध्यापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक सरळ रेघ ओढावी. रेघेच्या दोन्ही बाजूंची रुंदी दर दोन सेंटिमीटरवर मोजून त्यांची सरासरी काढावी आणि ती दोन्ही बाजूंना सारखी मांडावी, म्हणजे सरळ तळाचा नमुना मिळतो. चवड्याची एकूण रुंदी मात्र कमी करू नये. लांबीत पायाच्या पुढे 8 मिलिमीटर मोकळे सोडावेत आणि त्यापुढे टोकासाठी 7 ते 8 सेंटिमीटर लांबीची निमुळती जीभ ठेवावी. आजच्या दुकानी क्रमांकांवर विसंबू नये. त्या मापांत एका क्रमांकाचा फरक एक तृतीयांश इंचाचा असतो, आणि हाताच्या जोड्यात तेवढ्यानेही टाच निसटते.

वरचा भाग दोन तुकड्यांचा असतो. पुढचा तुकडा बोटे आणि चवडा झाकतो, त्याचे तोंड घोड्याच्या नालेसारखे कापलेले असते. मागचा तुकडा म्हणजे टाचेभोवतीची साधारण 5 सेंटिमीटर उंचीची पट्टी, जी दोन्ही बाजूंना पुढच्या तुकड्यावर दीड सेंटिमीटर चढते. खालच्या कडेला 12 मिलिमीटर जादा सोडावेत. चामडे कापण्याआधी दोन्ही हातांनी सर्व दिशांना ओढून पाहावे: ज्या दिशेला ते ताणत नाही ती दिशा टाचेकडून टोकाकडे यावी, म्हणजे जोडा लांबीत सैल होत नाही आणि रुंदीत मात्र पायाला सामावून घेतो. ज्या कडा एकमेकींवर येणार त्या रापीने तासून अर्ध्या जाडीच्या कराव्यात.

शिलाई

या जोड्यात खिळा नाही आणि आजचा रासायनिक गोंदही नाही. मैद्याची दाट खळ शिजवावी, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालावे, आणि तो विषारी असल्यामुळे भांडे वेगळे ठेवून हात स्वच्छ धुवावेत. खळ फक्त थर जागेवर धरून ठेवते, खरा भार टाक्यांवर असतो. दोरा सुती, पाच-सहा पदरांचा, मधमाशीच्या मेणात थोडी राळ मिसळून चोळलेला असावा. लांबी शिलाईच्या रेषेच्या पाचपट घ्यावी, कारण मध्येच गाठ देऊन जोडलेला दोरा पहिला तेथेच तुटतो.

पुढच्या तुकड्याच्या तोंडाची पट्टी, अस्तर आणि नक्षीची शिलाई तो सपाट असतानाच पूर्ण करावी. मग आतला तळ ओला करून साच्याच्या पुढच्या भागाखाली बांधावा, पुढचा तुकडा ओला करून साच्यावर ओढून घ्यावा आणि जादा कड तळाच्या खालच्या अंगाला दुमडून खळीने चिकटवावी. वळणावर कडेला लहान त्रिकोणी काप द्यावेत, नाहीतर चुण्या पडतात आणि त्या पायाला टोचतात. हे सर्व सावलीत एक दिवस वाळू द्यावे. ग्वाल्हेरचा मे-जूनचा वारा चामड्याचा शत्रू आहे. त्यात ओले चामडे तासाभरात वाळून तडकते, म्हणून मी हे काम शक्यतो दिवाळीनंतर ते होळीआधी करते.

बाहेरचा तळ आदल्या रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि सकाळी दगडावर मोगरीने सर्वत्र सारखा ठोकावा. ठोकल्याने त्याचे तंतू दाबले जातात आणि झीज कमी होते. दोन तळांमधली पोकळी चामड्याच्या कातरणीने भरावी. येथे एक सुंदर बारकावा आहे. कोल्हापुरी वहाणेप्रमाणे चालताना करकर असा आवाज यावा असे वाटत असेल, तर मधल्या भरावाला खळ फक्त कडेने लावावी आणि मध्यभाग मोकळा ठेवावा, म्हणजे थर एकमेकांवर घासून आवाज देतात. रंगमंचावर सरदार दिसण्याआधी त्याची चाल ऐकू यावी, याहून चांगला प्रवेश मला माहीत नाही.

बाहेरच्या तळाचा पुढचा भाग खळीने चिकटवून मागचा अर्धा भाग मोकळा ठेवावा आणि साचा काढून घ्यावा. कडेपासून 5 मिलिमीटर आत, तळाच्या जमिनीकडच्या बाजूला, रापीच्या टोकाने 2 मिलिमीटर खोल खाच पाडावी. टाका या खाचेत बसतो, म्हणून चालताना दोरा घासला जात नाही. आरीने भोक पाडायचे आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांची दोन दाभणे त्याच भोकातून समोरासमोरून ओवून घट्ट ओढायची, अशी ही शिलाई आहे. इंचाला चार टाके पुरेत. आरंभ टोकापासून करावा आणि एका बाजूचे तीन टाके झाले की दुसऱ्या बाजूचे तीन घालावेत, नाहीतर वरचा भाग पीळ खाऊन एका अंगाला झुकतो. मागचा तुकडा अजून बसवलेला नसल्यामुळे हात आतून पार टोकापर्यंत पोचतो, आणि दोन तुकड्यांच्या या रचनेचे मर्म तेच आहे. ज्यांनी टाचेची शिलाई आधी उरकली, त्यांना पुढे आंधळेपणाने टाके घालावे लागतात आणि ते टाके सैल राहतात.

पुढचा भाग चवड्याच्या मागपर्यंत शिवून झाला की टाचेचा तुकडा बसवावा, त्याची कड दोन तळांच्या मध्ये सारावी, मागचा तळ चिकटवून शिलाई पूर्ण करावी आणि शेवटी बाजूंचे जोड दोन समांतर ओळींनी शिवावेत. मग कडा रापीने एका रेषेत तासाव्यात, साचा पुन्हा आत घालून पाचर ठोकावी, वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून कापड बांधलेल्या हलक्या हातोडीने घोटून बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा.

टोक

अनेक जण टोकात तार घालतात. तार गंजते, ओल्या चामड्यावर काळा डाग सोडते आणि नाटकाच्या काही प्रयोगांनंतर अस्तर फाडून बाहेर येते. त्याऐवजी न कमावलेल्या कच्च्या कातड्याची बोटाएवढी पट्टी रात्रभर भिजवून तळाच्या जिभेवर ठेवावी, वरच्या चामड्याचे टोक तिच्यावर ओढून दोन्ही कडा बारीक टाक्यांनी शिवाव्यात, आणि हे ओले टोक पेन्सिलएवढ्या जाडीच्या काडीवर वळवून सुती दोऱ्याने गुंडाळावे. तीन दिवसांनी दोरा सोडला की कच्चे कातडे लाकडासारखे कडक झालेले असते आणि वळण टिकते. वळण किती द्यावे, याबाबत माझे मत स्पष्ट आहे: टोक बोटांच्या उंचीपेक्षा फार वर जाऊ नये. पूर्ण वेटोळे घातलेले टोक परीकथेतल्या वजिराला शोभते, घोड्यावर मांड ठोकणाऱ्या माणसाला नाही, कारण ते रिकिबीत अडकेल.

रंग आणि तेल

रंग कापणीनंतर पण शिलाईच्या आधी द्यावा, म्हणजे टाक्यांचा दोरा उजळ राहतो. शेळीच्या चामड्याला तुरटीचे पातळ पाणी लावून ते अर्धवट वाळल्यावर मंजिष्ठेचा गार केलेला काढा चार-पाच हात द्यावा; विटेच्या जवळचा, उबदार लाल रंग येतो. भडक रासायनिक लाल रंग दिव्यांच्या उजेडात प्लास्टिकसारखा चमकतो. काळा जोडा हवा असेल तर गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे मुरवून गाळलेले पाणी वापरावे; त्यातले लोह चामड्यातल्या तुरट द्रव्याशी मिळून काळा रंग देते. याच गुणधर्मामुळे लाल चामडे ओले असताना लोखंडी हत्यार त्यावर टेकवून ठेवू नये; मी एकदा हातोडी तशीच ठेवून जेवायला गेले आणि तिच्या आकाराचा काळा ठसा कायमचा उमटला. ओल्या अवस्थेत घोटण्यासाठी हातोडीवर कापड बांधावे, किंवा सरळ लाकडी मोगरी घ्यावी.

सर्व वाळल्यावर आतून-बाहेरून तेलाचा हलका हात द्यावा. आमच्याकडे मुरैना-भिंडच्या बाजूची मोहरी मुबलक, म्हणून मोहरीचे तेल वापरतात. एरंडेलही चांगले, पण ते जाड असल्याने कोमट करून लावावे. तळाच्या खाचेत मात्र तेल जाऊ देऊ नये.

पायांत घालणे

काही दशकांपूर्वीच्या एका प्रयोगाची येथे आठवण होते. आल्प्स पर्वतातील बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ओत्झी या माणसाच्या जोड्यांचा तळ अस्वलाच्या कातड्याचा होता आणि आत झाडाच्या सालीच्या जाळीत गवत भरलेले होते. झेक प्राध्यापक पेत्र ह्लावाचेक यांनी त्या जोड्यांच्या प्रतिकृती घडवल्या आणि त्या घालून डोंगरांत चालून पाहण्यात आले. गवताची ऊब आणि तळाची पकड काचेच्या कपाटातून कळली नसती. आपल्या जोड्याचीही परीक्षा तशीच घ्यावी. पहिल्या दिवशी तो ओलसर सुती मोजा घालून अर्धा तास घरातच वापरावा, दुसऱ्या दिवशी तासभर अंगणात. नटाने दोन्ही जोडे आठवडाभर अदलून बदलून घालावेत आणि मग त्याला जो ज्या पायात सुखाचा वाटेल तो त्या पायाचा ठरवून आत खूण करावी. कोरा चामडी तळ लाकडी रंगमंचावर घसरतो, म्हणून आधी खडबडीत फरशीवर किंवा मातीच्या रस्त्यावर चालून तो घासून घ्यावा. रबराचा तुकडा खाली चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पाऊल पडण्याची रीतच बदलते आणि आवाजही जातो.

टाच चावत असेल तर मागच्या पट्टीची वरची कड आतून कोमट पाण्याने ओली करून मोगरीच्या दांड्याने घोटावी, कापसाचा बोळा चिकटवू नये. पावसाळ्यात कच्चे कातडे ओल धरते आणि टोक मऊ पडते, तेव्हा जोडे बंद पेटीत न ठेवता वाऱ्यावर, आत कडुनिंबाची सुकी पाने आणि जुन्या धोतराचा बोळा भरून, टोकाला पुन्हा दोरा गुंडाळून ठेवावेत. तळ झिजून खाचेतला दोरा दिसू लागला की त्याच दिवशी शिलाई उसवून नवा तळ शिवावा. वरचे चामडे नीट सांभाळले तर एका जोड्यावर असे दोन-तीन तळ सहज चढवता येतात.